छातीचा फोटो आणि मुंबईची वाट

१९५४ साली मुंबईत जे. जे. रुग्णालयालगत गाडगेबाबांची एक धर्मशाळा उभी राहिली. तोवर धर्मशाळा म्हटले की पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशी नावे पुढे यायची. ही धर्मशाळा मात्र वारकऱ्यांसाठी नव्हती. आजारी माणसाला घेऊन मुंबईत आलेल्या आणि रात्र कुठे काढायची हे ठाऊक नसलेल्या नातेवाइकांसाठी ती होती. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे गेले आणि पहिले मोठे लोककार्य पूर्णाकाठच्या ऋणमोचनला झाले. वऱ्हाडातला माणूस मुंबईला निघतो तेव्हा त्याच्या गाठोड्यात काय असते आणि काय नसते, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. बाबा २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावला वारले. पुढे त्यांच्या मिशनने दादरलाही धर्मशाळा उभारली आणि परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करुग्णांची ती हक्काची जागा झाली.

अमरावती-अकोल्याकडच्या कर्करोगाचा इतिहास लिहायचा तर तो बराचसा या प्रवासाचाच इतिहास होतो. त्यातही मूत्रपिंडाचा कर्करोग, ज्याला घरीदारी ‘किडनीची गाठ’ म्हणतात, या प्रवासाची वेगळीच परीक्षा पाहतो. गाठ निघते, किडनी काढली जाते, माणूस एका किडनीवर शेती करतो, लेकीबाळींची लग्ने लावतो. दहा-पंधरा, कधी वीस वर्षे जातात. मग कोरडा खोकला लागतो किंवा भलत्याच कारणासाठी छातीचा फोटो काढला जातो आणि फुप्फुसात गोल डाग दिसतो. तो तपासला की त्यात पेशी सापडतात त्या मूत्रपिंडाच्या.

इतक्या उशिरा उलटण्याची ही खोड फार थोड्या कर्करोगांत आहे. बऱ्याच कर्करोगांत पाच वर्षे निर्धोक गेली की रुग्ण आणि डॉक्टर दोघेही मोकळा श्वास घेतात. मूत्रपिंडाच्या बाबतीत हा हिशेब पुरता लागू पडत नाही. अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधल्या मॅकनिकोल्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली आपल्या रुग्णांच्या जुन्या नोंदी चाळून पाहिल्या. शस्त्रक्रियेनंतर दहा वर्षे जगलेल्यांपैकी सुमारे ११ टक्के रुग्णांत आजार त्यानंतर परतला होता. फुप्फुस ही त्याची सर्वांत नेहमीची जागा. हाडे, यकृत, मेंदू, दुसरी किडनी, कधी स्वादुपिंड आणि थायरॉइडही त्यातून सुटत नाहीत.

फुप्फुसच का, याचे उत्तर रक्ताच्या वाटेत आहे. मूत्रपिंडातून निघणारी शीर थेट पोटातल्या मोठ्या महाशिरेला मिळते, महाशीर हृदयाच्या उजव्या बाजूला आणि तिथून सगळे रक्त फुप्फुसात. गाठीतून सुटलेल्या पेशीला पहिली बारीक जाळी भेटते ती फुप्फुसाची. तिथे ती अडकते. पुढे काही पेशी मरतात, काही वाढतात आणि काही वर्षानुवर्षे न वाढता पडून राहतात. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा त्यांना दाबून ठेवते असे मानले जाते, पण हा पहारा नेमका कधी आणि का सैल पडतो, हे कोडे वैद्यकाला अजून पुरते उलगडलेले नाही.

या आजाराशी माणसाची झुंज तशी अलीकडची. १८६१ साली अमेरिकेत मिलवॉकीच्या एरॅस्टस वोलकॉट यांनी यकृताची गाठ समजून एका रुग्णाचे पोट उघडले आणि हाती आली ती मूत्रपिंडाची गाठ. रुग्ण पंधरा दिवसांत गेला. २ ऑगस्ट १८६९ रोजी जर्मनीत हायडेलबर्गला गुस्ताव सिमॉन यांनी कुत्र्यांवर सराव करून, पूर्ण तयारीनिशी एका बाईची एक किडनी काढली. तिचा आजार कर्करोगाचा नव्हता, मूत्रवाहिनीचा होता. पण ती जगली आणि माणूस एका किडनीवर जगू शकतो हे सिद्ध झाले. १८८३ साली पॉल ग्रावित्झ यांनी या पिवळसर गाठींचा अभ्यास करून त्या अधिवृक्क ग्रंथीच्या भरकटलेल्या पेशींपासून होतात असे मांडले. तर्क चुकला, पण त्यावरून रूढ झालेले ‘हायपरनेफ्रोमा’ हे नाव विसाव्या शतकात दीर्घकाळ डॉक्टरांच्या लिहिण्यात राहिले.

फुप्फुसातल्या डागांचे नवल १९२८ साली नोंदले गेले. मेयो क्लिनिकच्या हर्मन बंपस यांनी एका रुग्णाची गाठ असलेली किडनी काढली आणि नंतरच्या फोटोंत छातीतले डाग दिसेनासे झाले. असे शंभरात एकाच्याही वाट्याला येत नाही, म्हणून त्यावर उपचार बेतता येत नाहीत. पण हा आजार शरीराच्या प्रतिकारशक्तीशी काहीतरी वेगळे नाते ठेवून आहे, याची ती पहिली खूण होती. पुढच्याच दशकात बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डेलिंजर बार्नी आणि एडवर्ड चर्चिल यांनी एका बाईची किडनीही काढली आणि फुप्फुसाचा डाग असलेला भागही. १९३९ साली त्यांनी ती हकिगत छापली. बाई शस्त्रक्रियेनंतर २३ वर्षे जगल्या आणि शेवटी हृदयविकाराने गेल्या. फुप्फुसात डाग म्हणजे सगळे संपले, ही समजूत त्या एका रुग्णाने मोडली. डाग एकच असेल आणि पहिल्या शस्त्रक्रियेनंतर बराच काळ लोटून आला असेल, तर तो काढून टाकल्याने चांगले दिवस मिळू शकतात, हा पुढच्या सगळ्या शल्यविशारदांचा धडा.

बॉस्टनमध्ये हे चालले होते तेव्हा वऱ्हाडात काय होते? रूळ होते. अमेरिकेच्या यादवी युद्धाने इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचे महत्त्व वाढले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे अकोला, बडनेरा करत १८६७ साली नागपूरला पोहोचली. अचलपूर, अंजनगाव, दर्यापूरचा माल मूर्तिजापूरच्या मुख्य मार्गावर आणण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अरुंद रुळांची शकुंतला आली. आता ती थांबली आहे. कापसाच्या गाठींसाठी आलेल्या या गाड्यांतून माणसेही मुंबईला जाऊ लागली. अकोल्याहून मुंबई लोहमार्गाने सुमारे ५८० किलोमीटर, बडनेऱ्याहून ६६० च्या घरात. रात्री बसले की सकाळी मुंबई, हा हिशेब आजही विदर्भ एक्स्प्रेस आणि अमरावती एक्स्प्रेसच्या प्रवाशांना तोंडपाठ आहे.

गावात दवाखाने नव्हते असे नाही. अमरावतीचे जिल्हा रुग्णालय व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या नावाने निघाले आणि लोकांच्या तोंडी ते अजून ‘इर्विन’च आहे. बायकांसाठी ‘डफरीन’, अकोल्यात ‘लेडी हार्डिंग’. बाळंतपण, हाडमोड, हिवताप, सर्पदंश इथे निभावत. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मात्र पूर्वेला नागपूर किंवा पश्चिमेला मुंबई. राज्यकारभार नागपूरहून चाले, त्यामुळे सरकारी कागद तिकडे जात; वैद्यकीय महाविद्यालयही तिथे १९४७ साली सुरू झाले. कर्करोगाचा रुग्ण मात्र मुंबईकडे वळला, कारण २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले होते. लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्यानंतर दोराबजी टाटा ट्रस्टने ते उभारले. पेशी ओळखणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि शस्त्रक्रिया करणारे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्यामुळे त्याचा लौकिक दूरवर पसरला. वऱ्हाडात ‘टाटाला नेले’ एवढे म्हटले की आजाराचे नाव घ्यावे लागत नसे.

१९६८ च्या ऑक्टोबरमध्ये हा आजार वऱ्हाडात घरोघरी बोलला गेला. मोझरीच्या गुरुकुंजाचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ तारखेला कर्करोगाने गेले. ते अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचे. खंजिरी घेऊन गावोगाव फिरलेल्या या माणसाला ओळखत नाही असे गाव नव्हते. नागपूरला पुढे कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय उभे राहिले ते त्यांच्याच नावाने. अमरावतीहून दीडशे किलोमीटर. सकाळच्या एसटीने जाऊन रात्री परतता येईल इतके जवळ. १९६९ साली सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, १९८४ साली अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचे, २००२ साली अकोल्याचे सरकारी. अमरावतीचे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय, लोकांच्या भाषेत ‘सुपर’, किडनी प्रत्यारोपणापर्यंत गेले. अकोल्यात कर्करोगावर उपचार करणारे संत तुकाराम हॉस्पिटल आले, नागपूरबाहेर जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आली. गाडगेबाबांच्या काळी ज्याला मुंबईशिवाय वाट नव्हती, त्याच्या नातवाची किडनी आज जिल्ह्याच्या गावीही निघू शकते.

तरीही या आजारात वऱ्हाडी माणसाचा वेळ दोन ठिकाणी वाया जात आला आहे, आणि दोन्हींमागे इथली माती आणि इथला इतिहास आहे.

पहिले ठिकाण म्हणजे मुतखडा. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतली शेकडो गावे खारपाणपट्ट्यात येतात. विहीर खणली, बोअर मारले तरी मचूळ पाणी. वान आणि शहानूर धरणांतून नळाने गोडे पाणी येईपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तेच प्यायले. मुतखडा आणि किडनी निकामी होणे या तक्रारी या पट्ट्यात इतक्या ओळखीच्या की कंबरेत कळ आली किंवा लघवी लाल झाली तर निदान ओट्यावरच होते: खडा. मग कुळथाचा काढा, पानफुटीचा रस, ओळखीतले औषध. खड्याने लघवीतून रक्त जाते हे खरेच, पण गाठीनेही जाते, आणि पुष्कळदा अजिबात न दुखता जाते. खाऱ्या पाण्याने किडनीचा कर्करोग होतो असे सिद्ध झालेले नाही. धूम्रपान, लठ्ठपणा आणि उच्च रक्तदाब ही त्याची ओळखीची कारणे. पाण्यावर ठपका ठेवण्याची सवय गाठ ओळखण्याच्या आड येते ती अशी. सोनोग्राफी तालुक्यापर्यंत पोहोचल्यापासून चित्र पालटते आहे. पोटाच्या दुसऱ्याच तक्रारीसाठी तपासणी होते आणि लहानशी गाठ सापडते. जगभर आज या गाठी बहुतांशी अशाच अवचित सापडतात.

दुसरे ठिकाण म्हणजे क्षय. एक्स-रे काढणे याला मराठीत लोक सरळ ‘फोटो काढणे’ म्हणतात आणि छातीच्या फोटोत डाग म्हटले की पहिला संशय टीबीचा. तो चूक नसतो, कारण या भागात टीबी आजही आहे आणि डागांपैकी पुष्कळ त्याचेच असतात. मूत्रपिंडातून आलेले डाग मात्र बहुधा गोल, रेखीव कडांचे, अनेकदा दोन्ही फुप्फुसांत विखुरलेले असतात. मोठे झाले की क्ष-किरणतज्ज्ञ त्यांना तोफगोळ्यांची उपमा देतात. एकच लहान डाग असला की त्यावरून ओळख पटत नाही. थुंकीत जंतू सापडले नाहीत तरी टीबीच्या गोळ्या सुरू होतात, काही महिने जातात, डाग वाढतो. मधल्या काळात रुग्णाला कुणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही की पंधरा वर्षांपूर्वी एक किडनी काढली होती. त्याच्या लेखी ते प्रकरण केव्हाच मिटलेले असते. खोकल्याचा आणि किडनीचा संबंध त्याने का लावावा?

जुना कागद महत्त्वाचा ठरतो तो इथे. मोठ्या रुग्णालयात पेशंटचा नंबर असतो, फाइल असते. पण पंधरा वर्षांत माणूस दुसऱ्या गावी जातो, डॉक्टर निवृत्त होतात, खासगी दवाखाना बंद पडतो. वऱ्हाडात हे दप्तर बहुतेक वेळा घरातच राहिले आहे: पत्र्याच्या पेटीत, कापडी पिशवीत, जमिनीच्या सातबाऱ्याशेजारी. काढलेल्या गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट त्यात असला की नव्या डागातल्या पेशी जुन्याशी ताडून पाहता येतात. नसला तर सगळे पहिल्यापासून.

२०१२ हे वर्ष या कहाणीत दोनदा येते. गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या गोळ्या तोवर निघाल्या होत्या. मूत्रपिंडाच्या कर्करोगात ‘व्हीएचएल’ हे जनुक बहुधा बिघडलेले असते. ते १९९३ साली हाती लागले आणि गाठ इतक्या रक्तवाहिन्या का ओढून घेते याचा उलगडा झाला. २००५ च्या अखेरीस अमेरिकेत सोराफेनिबला मान्यता मिळाली, पाठोपाठ २००६ मध्ये सुनिटिनिबला. पसरलेल्या आजारावर रोज घ्यायच्या गोळ्या ही मोठीच गोष्ट होती. भारतात बायर कंपनीच्या सोराफेनिबची किंमत महिन्याला २,८०,४२८ रुपये होती. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी मुंबईत देशातला पहिला सक्तीचा परवाना दिला आणि हैदराबादच्या नॅटको कंपनीला तेच औषध ८,८८० रुपयांत विकण्याची मुभा मिळाली. दरवर्षी सहाशे गरजू रुग्णांना ते फुकट द्यायचे, ही अट सोबत होती. बायर अपिलात गेली. मुंबई उच्च न्यायालयाने १५ जुलै २०१४ रोजी परवाना कायम केला आणि त्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही.

या आकड्यांचा अर्थ वऱ्हाडात कापसाच्या भावात कळतो. २०१२-१३ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ३,९०० रुपये होता. जुन्या दराने एका महिन्याच्या गोळ्यांना सुमारे ७२ क्विंटल कापूस लागला असता, नव्या दराने सव्वादोन-अडीच क्विंटल. कोरडवाहू शेतकऱ्याला पहिला आकडा अख्ख्या वर्षाच्या पिकातूनही गाठता आला नसता. दुसरा जड होता, पण ऐकल्या ऐकल्या उठून जावे असा नव्हता.

त्याच वर्षी २ जुलैला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पहिल्या टप्प्यात राज्यातले आठ जिल्हे होते आणि त्यांत अमरावती होता. अकोल्याला २१ नोव्हेंबर २०१३ ची वाट पाहावी लागली. कुटुंबाला दीड लाखाचे कवच, ९७१ प्रकारचे उपचार आणि शिवाय १२१ प्रकारचे पाठपुराव्याचे उपचार असे तिचे स्वरूप होते. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. २०२३ साली कवच पाच लाखांवर नेण्याचा निर्णय झाला. किडनी काढण्यासाठी म्हैस किंवा एकर विकण्याची वेळ त्यामुळे अनेकांवर आली नाही. पंधरा वर्षांनंतरच्या छातीच्या फोटोची आठवण मात्र कोणत्याही योजनेला करून देता येत नाही, कारण शस्त्रक्रियेनंतर तपासण्यांचे जे वेळापत्रक दिले जाते त्याचा भर पहिल्या पाच वर्षांवर असतो. त्यापुढचे डॉक्टरच्या सवयीवर आणि घरच्यांच्या लक्षात राहण्यावर.

औषधे त्यानंतरही पुढे गेली. सोराफेनिब आता या आजारात मागे पडले आहे. २०१५ मध्ये निवोलुमॅबला मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. शरीराच्याच प्रतिकारशक्तीला मोकळे सोडणारी ही औषधे; त्यांच्यामागच्या संशोधनासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होन्जो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. ज्या प्रतिकारशक्तीची चाहूल बंपस यांच्या रुग्णात लागली होती, तिच्यावरच आजचा उपचार उभा आहे. ही इंजेक्शने अजून महाग आहेत. एखाद-दुसरा डाग उशिरा आला असेल तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून तो काढता येतो किंवा नेमक्या जागी किरणोपचार देता येतो. काही रुग्णांत आजार इतक्या धिम्या गतीने वाढतो की काही काळ नुसते लक्ष ठेवूनही चालते.

हे सगळे पर्याय उघडतात ते डागाची ओळख पटल्यावर. त्यामुळे खोकल्याचा रुग्ण छातीचा फोटो घेऊन इर्विनच्या किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयाच्या ओपीडीत येतो, तेव्हा जाणत्या डॉक्टरची नजर कुशीवरच्या जुन्या टाक्यांकडेही जाते. किडनी कधी काढली, एवढ्यावर तो थांबत नाही. खड्याने खराब झाली म्हणून काढली की गाठ होती म्हणून, हे तो विचारतो. उत्तर खड्याचे असेल तर थुंकी तपासून नेहमीच्या वाटेने जाता येते. गाठीचे असेल तर थुंकीच्या चिठ्ठीसोबत सीटी स्कॅनची चिठ्ठीही लिहिली जाते, गरज पडली तर सुईने तुकडा काढायचे ठरते आणि सोबत आलेल्या मुलाला घरच्या पेटीतली जुनी फाइल घेऊन यायला सांगितले जाते.